लाल बटण कुणाच्या हातात?

मेसच्या टेबलावर राजकारण निघालं की कोणीतरी हमखास बोलतो, "दोन वर्षं देश मिलिटरीकडे द्या, सगळे सुतासारखे सरळ होतील!" मित्रहो, जवानांबद्दल मलाही आदर आहे. पण मदतीला बोलावलेलं लष्कर वेगळं आणि राज्य करणारं लष्कर वेगळं.

आपल्या कायद्यात दंगलीसाठी लष्कराला बोलावतो तो जिल्हाधिकारी किंवा त्याने नेमलेला कार्यकारी दंडाधिकारी. त्याच्याशी संपर्कच होत नसेल आणि धोका उघड असेल, तर लष्करी अधिकारी स्वतः कारवाई करू शकतो. पण संपर्क झाला की ती चालू ठेवायची की थांबवायची, हे पुन्हा दंडाधिकारीच सांगणार. वर्कशॉपमध्ये लेथवर लाल बटण असतं ना, तसंच हे. मशीन कितीही भारी असो, थांबवणारा हात बाहेरचा लागतो.

तो नसला की काय होतं? सोलापूरला विचारा. (आमच्या कॉन्व्हेंटच्या हिस्टरीच्या पुस्तकात हे नव्हतंच!) मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर तिथे उद्रेक झाला आणि इंग्रजांनी मार्शल लॉ पुकारला. राष्ट्रीय झेंडा मिरवणं गुन्हा ठरला. सोलापूरकर दाद मागणार कोणाकडे? हुकूम देणारे त्यांनी निवडलेलेच नव्हते.

दक्षिण कोरियाकडे मात्र बटण होतं. ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष यून सुक येओल यांनी टीव्हीवरून मार्शल लॉ जाहीर केला. संसदेत सैनिक घुसले, तर काही खासदार कुंपणावरून चढून आत गेले. ३०० पैकी १९० जण पोचले आणि १९० च्या १९० जणांनी तो उठवण्याच्या बाजूने मत दिलं. घोषणेपासून जेमतेम अडीच तासांत! पहाटे मार्शल लॉ उठला. एप्रिल २०२५ मध्ये यून यांचं पदही गेलं.

तुम्ही म्हणाल, १९७५ ला आपलं लष्कर बराकीतच होतं, आणीबाणी तर मुलकी सरकारनेच लादली. बरोबर. म्हणूनच १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने लोकसभेला साध्या बहुमताने आणीबाणी रद्द करायचा हक्क दिला. एक दशांश खासदारांनी लेखी मागणी केली की १४ दिवसांत खास बैठक. चौदा दिवस! कोरियात चौदा तास थांबले असते तरी काय झालं असतं, विचार करा. माझ्या मते ही मुदत ४८ तासांवर आणायला हवी. खासदारांना विमानं आहेत की.