पोरीच्या पायाला बॉल किती वेळा लागला?

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ताईने मला व्हॉट्सॲपवर सात जाहिराती पाठवल्या. खाली एकच ओळ : 'तुला फुटबॉलमधलं कळतं, यातला एक कॅम्प निवडून सांग.' भाची बारा वर्षांची आहे, जूनमध्ये सातवीत जाईल. सगळ्या जाहिरातींत हिरवागार टर्फ, जर्सी घातलेली हसरी पोरं आणि कोपऱ्यात 'मर्यादित जागा'. सहा जाहिरातींत एकही मुलगी नव्हती. उरलेल्या एकीत होती, पण हातात पाण्याची बाटली घेऊन उभी.

मी काही तज्ज्ञ नाही. कोल्हापुरात शिवाजी पेठेत वाढलेय, आता पुण्यात नोकरी करते, एवढंच. पण गेल्या मे महिन्यात आम्ही एकदा फसलोय, त्यामुळे यंदा मला बोलायचंय.

गेल्या वर्षीचा कॅम्प बारा दिवसांचा होता. रोज एक तास, फी साडेसहा हजार, त्यात जर्सी. एका शनिवारी मी कडेच्या बाकावर बसून मोजलं. सव्वीस पोरं, एक कोच, चार बॉल. पहिली पंधरा मिनिटं वॉर्मअप, मग इन्स्टाग्रामसाठी रील. मग दोन रांगा आणि समोर कोन. आपला नंबर आला की कोनांमधून बॉल न्यायचा आणि परत रांगेत मागे जाऊन उभं राहायचं. भाचीचा नंबर सहा वेळा आला. शेवटी मॅच. पाच-पाच जणांसाठी बांधलेल्या टर्फवर तेरा विरुद्ध तेरा. त्या मॅचमध्ये तिच्या पायाला बॉल चार वेळा लागला, त्यातला दोनदा चुकून.

बाराव्या दिवशी सगळ्यांना सर्टिफिकेट मिळालं. सगळ्यांवर एकच शब्द : 'उत्कृष्ट'.

माझा राग त्या कोचवर नाही. तो कॉलेजात शिकणारा पोरगा होता, दिवसाच्या हिशोबाने पैसे घेणारा, आणि जूनमध्ये तो तिथे नसणारच होता. राग त्याला सव्वीस पोरं आणि चार बॉल देऊन उभं करणाऱ्यांवर आहे. आणि खरं सांगू? आपल्यावर आहे. आपण जर्सीचा रंग विचारतो, पार्किंग विचारतो, एसी वेटिंग एरिया आहे का विचारतो. बॉल किती, हे कोणी विचारत नाही.

बारा वर्षांच्या पोरीला फुटबॉल शिकायचा म्हणजे बॉलला हजारो वेळा पाय लागायला हवा. यात गूढ काही नाही. इंग्लंडमध्ये बारा वर्षांखालचे सामने अकरा-अकरांचे नसतात, नऊ-नऊंचे असतात. त्याहून लहान पोरांचे सात-सातांचे आणि पाच-पाचांचे. पोरं कमी, मैदान छोटं, म्हणजे प्रत्येकाकडे बॉल जास्त वेळा येतो. या वयाला बॉलही 4 नंबरचा लागतो. 5 नंबरचा मोठ्यांचा. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने 2015 मध्येच दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडिंग बंद केलं आणि 11 ते 13 वयाच्या मुलांना सरावात मर्यादा घालून दिली. आमच्या कॅम्पात आठ वर्षांची पोरं 5 नंबरच्या बॉलला डोकं लावत होती आणि आयाबाया टाळ्या वाजवत होत्या. मीसुद्धा वाजवली एकदा.

आणि वेळ? दुपारी चार. मे महिन्यात. प्लास्टिकचं गवत उन्हात साध्या गवतापेक्षा कितीतरी जास्त तापतं. हात टेकवून बघा एकदा. चारची बॅच का? कारण सहानंतर तोच टर्फ ऑफिसवाल्यांना तासाने जातो आणि तो भाव जास्त असतो.

तर यंदा मी सातही नंबरांवर फोन लावले. तेच प्रश्न : एका कोचमागे पोरं किती, प्रत्येकाला बॉल मिळतो का, कोचकडे निदान फेडरेशनचं डी लायसन्स आहे का, मुली किती, आणि जूनमध्ये हाच कोच असेल का. जूनचा प्रश्न आला की समोर शांतता. 'मॅडम, कॅम्प समरचा आहे.' मुलींबद्दल विचारल्यावर एकाने उत्साहाने सांगितलं, 'आहेत ना, मुलींसाठी आपण झुंबापण ठेवलाय!'

हे त्या पुण्यात, जिथे 2022 मध्ये महिलांच्या आशियाई चषकाचे सामने बालेवाडीला झाले. 2025 च्या जुलैमध्ये भारताच्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच देशात 2-1 ने हरवून पुढच्या आशियाई चषकात जागा मिळवली. आणि आपण इथे झुंबा विकतोय.

'अगं, मजा येते ना पोरांना? सगळ्यांना कुठे नॅशनल खेळायचंय?' हे ताई म्हणाली, तुम्हीही म्हणाल. मान्य. पण मजा कशात असते? बॉलमध्येच. रांगेत उभं राहण्यात कुणाला मजा आलीय, रेशनच्या की आधारच्या? आणि सुट्टीत पोराला दोन तास कुठेतरी सुरक्षित ठेवायचं असेल, तर तीही खरी गरज आहे, ताई नोकरी करते, मला कळतं. मग त्याला पाळणाघर म्हणा आणि पाळणाघराची फी घ्या.

कोल्हापूरच्या आठवणी काढून मी तुम्हाला रडवणार नाही. हो, तिथे तालमींचे संघ आहेत. पाटाकडील आणि खंडोबाची मॅच असली की शाहू स्टेडियम भरतं. पोरं गल्लीत खेळून शिकली, सर्टिफिकेट कुणाला ठाऊक नव्हतं. पण 'पोरं' म्हणजे पोरगेच. मी पाहिलेल्या मॅचेस मोजता येणार नाहीत. खेळलेल्या येतात : गोलकीपर कमी पडला म्हणून दोन दगडांच्या मधे उभं केलं, तेवढ्या. तिसऱ्या वेळी आजीने हाक मारून घरात घेतलं. तेव्हा गल्लीचं गुणगान मला सांगू नका. तिथे फुकट होतं, पण माझ्यासाठी नव्हतं. इथे पैसे मोजून भाचीसाठी नसेल, तर मला चालणार नाही.

शेवटी मिळालं ते जाहिरातीत नव्हतंच. भाचीच्या मैत्रिणीच्या आईने सांगितलं. एका शाळेचं मातीचं मैदान, सकाळी साडेसहा, महिन्याला आठशे रुपये, पावसाळ्यातही चालू. कोचकडे डी लायसन्स. सोळा जण, त्यात पाच मुली, प्रत्येकाचा आपापला बॉल. जर्सी नाही. पहिल्याच दिवशी मी मोजायला बसले आणि दहा मिनिटांत मोजणं सोडून दिलं.

ताई दुसऱ्या दिवशी आली. सगळं बघितलं आणि एकच प्रश्न विचारला, जो माझ्या यादीत नव्हता : 'मुलींना बाथरूम कुठे?' टर्फवाल्याकडे ते होतं, टाइल्सवालं, आरशासकट. इथे शाळेचं आहे, पण सुट्टीत कुलूप. कोच ओशाळले. म्हणाले, मुख्याध्यापकांना दोन अर्ज दिलेत. तिसरा आम्ही पाच मुलींच्या घरच्यांनी मिळून दिलाय, सह्यांसकट.

चावी सध्या वॉचमनकाकांकडे आहे. ते साडेसातला येतात.