अक्षयनीवी कोठे आहे?



नाशिकनजीकच्या त्रिरश्मी डोंगरावरील लेण्यांना लोक आजही ‘पांडवलेणी’ म्हणतात. पांडवांचा त्यांच्याशी काडीमात्र संबंध नाही. पण तो वाद आज उकरण्याचे प्रयोजन नाही. आज आम्हांस त्यांतील 10 क्रमांकाच्या लेण्यातील एका शिलालेखाविषयी बोलावयाचे आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात ह्याने सुमारे 1,900 वर्षांपूर्वी हे लेणे चातुर्दिश संघास अर्पण केले, आणि केवळ लेणे देऊन तो थांबला नाही. त्याने 3,000 कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेविले. 2,000 दरमहा शेकडा एक ह्या व्याजाने, व 1,000 शेकडा पाऊण ह्या व्याजाने. मुद्दलास कोणी हात लावावयाचा नाही. व्याजातून वर्षावासातील वीस भिक्षूंची चीवरे व इतर गरजा भागवावयाच्या. हा व्यवहार निगमसभेत ऐकविण्यात आला आणि फलकावर नोंदविण्यात आला. वीस वर्षे दस्त वाचण्यात घालविलेल्या आमच्यासारख्या वकिलास ह्या दस्तात काढावयास खोट सापडत नाही. अशा कायम ठेवीस तेव्हा अक्षयनीवी म्हणत.

आमचा प्रश्न साधा आहे. ज्यांनी लेणी कोरली त्यांना ठाऊक होते की दान एकदा देऊन भागत नाही, त्याच्या निगेची तरतूद लागते. आज ह्या लेण्यांचे पालकत्व घेतलेल्या शासनापाशी अशी अक्षयनीवी कोठे आहे?

पाऊस बदलला आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने 2017 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले की 1950 ते 2015 ह्या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. आता लेण्याच्या माथ्यावरील कातळाचा विचार करा. बेसाल्टच्या सांध्यांतून पाणी आत झिरपते, आपल्याबरोबर क्षार आणते; ऊन पडले की पाणी उडून जाते, क्षारांचे स्फटिक मात्र दगडाच्या कातडीखाली फुगतात आणि पापुद्रे सुटू लागतात. त्या पापुद्र्यावरच अक्षरे आहेत. अजिंठ्यात तर चित्रे मातीच्या गिलाव्यावर काढलेली. ओल आणि कोरड ह्यांच्या प्रत्येक फेऱ्यात तो गिलावा फुगतो व आक्रसतो.

‘मग दुरुस्ती करा, संशोधन कशाला?’ असे विचारणारे विद्वान आहेत. त्यांनी अजिंठ्याकडेच पाहावे. 1920 ते 1922 ह्या काळात निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ आणविले. त्यांनी सद्हेतूने चित्रांवर लाखेचे रोगण चढविले. ते रोगण पुढे काळवंडले, आणि ते उतरविण्याचे काम नंतरच्या पिढ्यांच्या माथी आले. पैसा होता, हेतू शुद्ध होता. नव्हते ते ज्ञान! उलट उदाहरणही जवळचेच आहे. पुरातत्त्व खात्यातील एक रसायनतज्ज्ञ आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील एक वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यांनी वेरूळच्या गिलाव्याचे नमुने तपासून 2016 साली दाखवून दिले की त्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आहेत, आणि तो गिलावा टिकण्याचे एक कारण त्यांनी त्या तंतूंत पाहिले. अशी माहिती हाती असेल तरच दुरुस्ती ही दुरुस्ती ठरते.

परंतु पैसा कोठे जातो? 2008 साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय हवामान कृती आराखड्यात आठ मोहिमा आहेत: सूर्यशक्ती आहे, पाणी आहे, शेती आहे, हिमालय आहे. स्मारकांसाठी, लेण्यांसाठी एकही नाही. 1996 पासून राष्ट्रीय संस्कृती निधी आहे खरा; पण तो देणगीदारांच्या सहभागावर उभा, आणि देणगीदारास नावाची पाटी हवी असते. दिवाबत्ती, पायवाट, उद्यान ह्यांना देणगी मिळते. वीस वर्षे रोज लेण्यातील आर्द्रता मोजून वहीत लिहिणाऱ्यास कोण देणगी देणार?

आणि ‘माणसे उपाशी असता दगडांवर खर्च कसला?’ हा आक्षेप आम्ही ज्यांच्या तोंडून ऐकतो, त्यांना माणसांच्या उपासाची आठवण नेमकी लेण्यांच्या वेळीच कशी होते? ह्याच नाशिकच्या लेण्यांत मुगुदास नावाच्या दात्याचा लेख आहे. अभ्यासक त्याला मच्छीमार समजतात. कार्ल्याच्या लेखांत एक सुतार आहे, एक सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे. राजांच्या चरित्रकारांनी ज्यांची दखल घेतली नाही, त्यांचा एकमेव साक्षीदार तो दगड आहे. ज्यांच्या पूर्वजांची नावे कोणत्याही पोथीत नाहीत, त्यांना हा पुरावा चैनीची वस्तू वाटत नाही.

कायद्याचे म्हणाल तर राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे रक्षण हे घटनेच्या अनुच्छेद 49 प्रमाणे राज्याचे कर्तव्य आहे. ते मार्गदर्शक तत्त्व असल्याने न्यायालयातून बजावून घेता येत नाही, असे उत्तर सरकारी वकील देतील. त्यांना अनुच्छेद 29 चे पहिले कलम दाखवावे: आपली संस्कृती जतन करण्याचा नागरिकांच्या कोणत्याही गटाचा हक्क हा मूलभूत हक्क आहे. आणि 2024 साली, माळढोक पक्ष्याच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क अनुच्छेद 14 व 21 मधून निघतो असे मान्य केले. हे दोन धागे एकत्र विणण्याचे काम अजून व्हावयाचे आहे. ते आमच्या तरुण वकिलांनी हाती घ्यावे.

आमची मागणी अशी. केंद्राने आणि महाराष्ट्र शासनाने मिळून एक कायम निधी उभारावा, ज्याचे मुद्दल कोणत्याही मंत्र्यास वळविता येणार नाही. त्याच्या व्याजातून प्रत्येक लेणीसमूहात पाऊस, आर्द्रता, गळती आणि क्षार ह्यांची अखंड मोजणी व्हावी, नोंदी सर्वांस खुल्या असाव्यात, आणि पालीचे, रसायनाचे, भूशास्त्राचे विद्यार्थी ह्या कामावर शिष्यवृत्ती देऊन नेमावेत. त्यांत लेण्यांच्या पायथ्याच्या गावांतील मुले-मुली असावीत.

तोवर हातावर हात ठेवून बसू नका. माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावयास दहा रुपये पुरतात. आपल्या जवळच्या लेण्याचे नाव घालून तीनच गोष्टी विचारा: गेल्या दहा वर्षांत येथे आर्द्रतेच्या व गळतीच्या नोंदी किती दिवस घेतल्या, त्या कोणी तपासल्या, आणि त्यावर किती रुपये खर्च झाले. जे उत्तर येईल ते, कोरे असले तरी, जपून ठेवा.