साठीचा ड्रॅगन

मंडळी, चिनी पंचांग आणि आपलं पंचांग यांत एक गोष्ट अगदी सारखी आहे. दोन्हींत वर्षांची नावं साठ वर्षांनी परत येतात. १९६४ साल चिनी गणनेत 'काष्ठ ड्रॅगन'चं, आपल्याकडे 'क्रोधी' नाम संवत्सर. आमच्या सौ.चा जन्म त्याच वर्षीच्या श्रावणातला. (यावर अधिक भाष्य करण्याचं धाडस आम्ही करत नाही!) २०२४ साली ही दोन्ही नावं जोडीनं परत आली, आणि आम्ही ठरवलं की साठीला यंदा लिट्ल इंडियातलं सोनं नको, स्वतः रंगवलेला ड्रॅगन द्यायचा. तोही जलरंगात.

ड्रॅगन म्हटलं की आपल्या मुलांना गोष्टीच्या पुस्तकातला आठवतो, पंखवाला आणि आग ओकणारा. इथला तसा नव्हे. याला पंख नसतात, याचं राज्य ढगांवर नि पाण्यावर. पाऊस पाडतो तो हाच. तेलोक आयेर स्ट्रीटवरच्या थियान हॉक केंग देवळाच्या छपरावर तो दिसतो. तिथे वही-पेन्सिल घेऊन आम्ही चार रविवार काढले. श्रावणात जन्मलेल्या बाईला पावसाचाच प्राणी शोभणार, नाही का?

छन रोंग या चिनी चित्रकाराचं 'नऊ ड्रॅगन' हे शाईत रंगवलेलं लांबलचक चित्र बोस्टनच्या संग्रहालयात आहे. साल १२४४, म्हणजे तेही काष्ठ ड्रॅगनचंच! त्यात ढगातून कुठे डोकं दिसतं, धुक्यातून कुठे पंजा. बाकीचा आपण मनानं पुरा करायचा. जलरंगाचाही हाच धर्म. पांढरा रंग लावायचा नाही, तिथे कागद कोरा सोडायचा. आम्ही आधी कागद ओला करून ढग उतरवले, ते वाळल्यावर खवले काढले. इथल्या दमट हवेत वाळायला वेळ लागतो, घाई चालत नाही.

सौ. कोकणातली शाळेची नोकरी सोडून, डिपेंडंट पासवर इथे आल्या. "तुमच्यामुळे निभावलं" हे आमच्या पिढीला तोंडानं म्हणणं जड जातं. कुंचल्यानं म्हणता येतं. म्हणून पंजाला नखं पाच काढली. चीनमध्ये पाच नखांचा ड्रॅगन हा बादशहाचा मान! सौ.नी ती मोजली आणि चित्र देवघराशेजारी लावलं.

ज्यांच्या घरी १९७६ चे ड्रॅगन आहेत, त्यांची साठी २०३६ साली. ढग वाळायला वेळ लागतो, तेव्हा कुंचला आत्ताच हाती घ्या!