टॉन्सिल्स आणि ताकदीची बाटली

पोराचा घसा वर्षातून सहा-सात वेळा सुजतो, ताप येतो, आणि घरात ‘अँटिऑक्सिडंट’ टॉनिकची बाटली येते. या शब्दामागे शास्त्र नाही असे नाही. जंतूंना मारण्यासाठी रक्तातील पांढऱ्या पेशी ऑक्सिजनचे अतिशय क्रियाशील कण सोडतात. टॉन्सिल्स कायम सुजलेले राहिले की हे कण आपल्याच पेशींना इजा करतात. अशा रुग्णांच्या रक्तात या इजेची खूण असलेले मॅलॉनडायअल्डिहाइड वाढल्याचे, व शस्त्रक्रियेनंतर ते उतरल्याचे काही अभ्यासांत दिसले आहे. म्हणजे मूळ गाठीत आहे, ते बाटलीने कसे जाणार? जीवनसत्त्वच हवे तर आपला आवळा, संत्री काय वाईट?

आमच्या मते खरा धोका वेगळाच आहे. घसा स्ट्रेप्टोकॉकस जंतूंमुळे सुजला असेल तर डॉक्टरांनी दिलेल्या पेनिसिलिनच्या गोळ्या पुरे १० दिवस घ्याव्या लागतात. आपल्याकडे तिसऱ्या दिवशी ताप उतरला की गोळ्या फडताळात! त्यातून पुढे सांधेतापाने हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. त्रास वर्षात ७ वेळा, किंवा सलग २ वर्षे दरवर्षी ५ वेळा झाला, तर शस्त्रक्रियेबद्दल जरूर विचारावे. एरवी घाई नको. टॉनिकला पैसे घालण्याआधी यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पोराचा घसा एकदा दाखवून आणावा.