मैदान कोणतं आणि गटात कोण? दुसऱ्याचा आकडा बघण्याआधी हे विचारा



या वेळच्या व्हिडिओत मी अमेरिकेतल्या बेसबॉलचं उदाहरण दिलं. घाईत सांगितलं होतं, म्हणून इथे नीट लिहितोय.

आधी माझी एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी मी बॅचमध्ये एका नाश्ता सेंटरची गोष्ट सांगितली. रोजची विक्री, रोजचा नफा, सगळं फळ्यावर लिहिलं. बॅचमधल्या एका ताईंनी सोनं तारण ठेवून आपल्या भागात तसंच सेंटर टाकलं. तोच मेनू, तेच दर, चवही चांगली. आठ महिन्यांत बंद करावं लागलं. मूळ सेंटर एसटी स्टँडसमोर होतं आणि त्या बाजूला नाश्त्याचं दुसरं दुकानच नव्हतं. नेमकं हेच मी फळ्यावर लिहिलं नव्हतं. ताई कष्टात कुठेच कमी पडल्या नाहीत. कमी पडलं ते माझं शिकवणं.

म्हणून आज माझं स्पष्ट मत आहे: मैदान आणि गट न सांगता सांगितलेली यशोगाथा म्हणजे अर्धा हिशोब. आणि अर्ध्या हिशोबावर कर्ज काढायचं नसतं.

मैदान आकडे बदलतं

बेसबॉलमध्ये एक टीम सीझनला १६२ मॅचेस खेळते, त्यातल्या ८१ स्वतःच्या मैदानावर. आणि सगळी मैदानं सारखी नसतात. डेन्व्हरचं कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून सुमारे ५,२८० फूट उंचावर आहे. तिथली हवा विरळ, त्यामुळे मारलेला बॉल लांब जातो आणि पिचरने टाकलेला बॉल कमी वळतो. बॅटरची मजा, पिचरचे हाल.

माइक हॅम्प्टन हा नावाजलेला पिचर. २००० साली न्यूयॉर्क मेट्सकडून खेळताना तो दर ९ इनिंगला सरासरी ३.१४ रन देत होता. डेन्व्हरच्या कोलोरॅडो रॉकीज टीमने त्याच्याशी ८ वर्षांचा, सुमारे १२ कोटी डॉलरचा करार केला. पुढच्या वर्षी हाच आकडा ५.४१ झाला, त्याच्या पुढच्या वर्षी ६.१५. मग टीमने त्याला सोडलं. २००३ मध्ये अटलांटाकडून खेळताना तो पुन्हा ३.८४ वर आला. माणूस तोच, हात तोच. बदललं ते मैदान.

आणखी एक गोष्ट बघा. कूर्स फील्डवर पाहुण्या टीमलाही तेवढेच रन मिळतात. म्हणजे आकडे फुगतात, पण जिंकणं सोपं होत नाही. गजबजलेल्या मार्केटमध्ये असंच होतं. गल्ला मोठा दिसतो, पण शेजारच्याचाही मोठा असतो, आणि भाडंही त्याच हिशोबाने असतं.

गट सोपा असेल तर

बेसबॉलमध्ये टीम्स गटांत विभागलेल्या असतात आणि गटात पहिला आला की पुढच्या फेरीत जागा पक्की. १९९३ मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने १०३ मॅचेस जिंकल्या आणि तरीही घरी बसले, कारण त्यांच्याच गटात अटलांटाने १०४ जिंकल्या होत्या. २००६ मध्ये सेंट लुईस कार्डिनल्सने फक्त ८३ जिंकल्या. गट कमजोर होता म्हणून त्यात पहिले आले आणि शेवटी वर्ल्ड सीरिजही जिंकली. त्याच वर्षी शिकागो व्हाइट सॉक्स ९० जिंकून बाहेर राहिले.

लोक म्हणतात, "नशीब!" मी म्हणतो, अर्धंच. २००५ मध्ये सॅन दिएगो पाद्रेस ८२ जिंकून गटात पहिले आले, पण पुढच्या फेरीत सलग ३ मॅचेस हरून घरी गेले. सोपा गट दार उघडतो. आत गेल्यावर खेळायचं आपल्यालाच असतं.

आणि इथे तुम्ही त्या टीम्सपेक्षा सुदैवी आहात. त्यांचा गट लीग ठरवते, तुमचा गट तुम्ही ठरवता. जिथे दहा जण तेच विकतायत तिथे अकरावं दुकान टाकण्याला काही जण धाडस म्हणतात. मला त्यात फक्त अभ्यास न केल्याचं दिसतं.

"सर, मग मेहनतीला अर्थच नाही का?"

आहे ना! लॅरी वॉकरवर लोक म्हणायचे, डेन्व्हरच्या हवेत कुणीही मारेल. पण १९९७ मध्ये त्याने ४९ होम रन मारले, त्यातले २९ बाहेरच्या मैदानांवर. खरी कसोटी हीच: आपलं मैदान सोडून माल विकला जातो का?

दुसरं उदाहरण १९८२ च्या कार्डिनल्सचं. त्यांचं मैदान मोठं, कृत्रिम गवताचं. तिथे बॉल बाहेर मारणं अवघड, पण पळायला उत्तम. मॅनेजर व्हाइटी हर्झॉगने ताकदवान बॅटरच्या मागे न लागता वेगवान खेळाडू जमवले. त्या वर्षी टीमचे होम रन फक्त ६७. वर्ल्ड सीरिजमध्ये समोर होती २१६ होम रन मारणारी मिलवॉकी. कार्डिनल्स ४-३ ने जिंकले. मैदानाला शिव्या देत बसण्यापेक्षा मैदानाला शोभेल अशी टीम उभी केली.

या आठवड्याचा गृहपाठ

ज्याचा धंदा बघून तुम्हाला सुरुवात करायची आहे, त्याचा आकडा वहीत लिहा. खाली तीन उत्तरं लिहा: त्याची जागा त्याला काय देते? त्याच्या आसपास स्पर्धक किती? आणि तीच वस्तू दुसऱ्या भागात कुणी विकून दाखवली आहे का?

तिन्ही उत्तरं मिळेपर्यंत घरातलं सोनं कपाटातच राहू द्या. आणि कुठलाही ट्रेनर, अगदी मीसुद्धा, नुसता नफ्याचा आकडा सांगून पुढे निघाला, तर हात वर करून विचारा: "सर, मैदान कोणतं?"