वेळेचा हिशेबही लेखी हवा

हिंजवडी, खराडी किंवा ऐरोलीतल्या बड्या कंपन्यांत काम करणाऱ्यांना नोकरीत काय आवडते, असे विचारले तर उत्तरे जवळपास सारखीच येतात. पगार ठरल्या तारखेला जमा होतो. पीएफ नुसता कापला जात नाही, भरलाही जातो. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला कंपनीचा मेडिक्लेम कामी येतो. कंपनीचे नाव पाहून बँक गृहकर्जाला खळखळ करत नाही. लातूर-नांदेडकडून शिकायला येऊन घरातले पहिले पगारदार ठरलेल्या मुलामुलींना या गोष्टींचे मोल नीट ठाऊक असते.

नावडत्या गोष्टींची यादीही ठरलेली. क्लायंट अमेरिकेत, म्हणून रात्री साडेदहाला कॉल आणि सकाळी पुन्हा वेळेवर हजेरी. काम बारा तास झाले तरी टाइमशीटमध्ये आठच भरायचे, कारण बिल तेवढ्याचेच होणार. कोणाला तरी खालच्या श्रेणीत बसवायचेच, म्हणून वर्षभर राबूनही पदरी पडणारे कमी रेटिंग. स्वतःहून नोकरी सोडायची तर ९० दिवसांची नोटीस. कंपनीला माणूस नकोसा झाला की एचआर मीटिंग रूममध्ये बोलावून त्याच दिवशी राजीनामा मागते. रिलिव्हिंग लेटर अडेल या धास्तीने तो दिलाही जातो.

आवडते ते बहुतेक कायद्याने किंवा कराराने बांधलेले आहे. नावडते ते वरिष्ठांच्या मर्जीवर, नाहीतर एकतर्फी अटींवर सोडलेले आहे. बाळंतपणाची २६ आठवड्यांची भरपगारी रजा आणि ५० कर्मचारी असतील तेथे पाळणाघर, या गोष्टी २०१७ मध्ये कायदा बदलला म्हणून सरसकट पदरात पडल्या. कंपन्यांच्या चांगुलपणाची वाट पाहिली असती, तर त्या मोजक्यांनाच मिळाल्या असत्या.

वेळेच्या बाबतीत मात्र आपण उलट दिशेने निघालो आहोत. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली आणि जादा कामाला दुप्पट मोबदला ठरवला. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांसाठी नवाचे दहा तास करायला मंजुरी दिली. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क फ्रान्सने २०१७ पासून कायद्यात आणला. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांना त्यासाठीचे खासगी विधेयक डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत पुन्हा मांडावे लागले. आणि १९७० नंतर एकही खासगी विधेयक संसदेत मंजूर झालेले नाही.

म्हणून हे काम सरकारनेच अंगावर घेतले पाहिजे. टाइमशीटवर खरे तास नोंदवण्याची सक्ती करावी, जादा तासांचा मोबदला त्याच नोंदीवरून द्यावा आणि नोटिशीची मुदत दोन्ही बाजूंना सारखी ठेवावी. दहा तासांना मंजुरी देणाऱ्या सरकारने अकराव्या तासाचा हिशेब मागितलाच पाहिजे.