नोटीस लागली, वेळ मात्र चुकली

मंडळी, सप्टेंबर सुरू आहे. म्हणजे सोसायट्यांच्या वार्षिक सभांचा सीझन. सहकार कायद्याच्या कलम ७५ प्रमाणे ३० सप्टेंबरच्या आत सभा घ्यावीच लागते. त्यामुळे वर्षभर झोपलेल्या नोटीस बोर्डावर आता कागद फडफडायला लागलेत.

आमच्याकडेही लागला. बुधवार, दुपारी चार वाजता. आता सांगा, बुधवारी चार वाजता घरी कोण असतं? वाळूज-शेंद्र्याची फर्स्ट शिफ्ट करणारा तेव्हा कुठं बसमधून उतरत असतो. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या ताई दवाखान्यात सिस्टर आहेत, त्यांची सुट्टी आधीच ठरलेली. त्यात त्या दिवशी नळाला पाणी येणार होतं. ज्या शहरात पाणी कितीतरी दिवसांआड येतं, तिथं पाण्याच्या दिवशी बाई मीटिंगला बसेल का टाकी भरेल? धरण उशाला असून ही तऱ्हा.

फ्लॅट चोवीस. गणपूर्तीचा नियम आदर्श उपविधीत आहे : एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यातली जी संख्या कमी ती. म्हणजे आमच्याकडे सोळा माणसं पाहिजेत. आले नऊ. मग तेच झालं जे दरवर्षी होतं. नोटीशीत खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ‘गणपूर्ती न झाल्यास सभा तहकूब करून अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल.’ या दुसऱ्या सभेला गणपूर्ती लागत नाही. साडेचारला त्याच नऊ जणांनी, त्याच खुर्च्यांवर बसून मेंटेनन्स वाढवला आणि टँकरचा जादा खर्च सगळ्या फ्लॅटवर सारखा लावला. एकटं राहणाऱ्या काकूंना दोन बादल्या लागतात आणि सहा माणसांच्या घराला जेवढं लागतं तेवढं लागतं, पण पैसे सारखे. काकूंना हे कळलं ते महिन्याचं बिल हातात आल्यावर.

नियमात चुकीचं काहीच झालं नाही, हीच तर गंमत आहे. वार्षिक सभेला चौदा पूर्ण दिवसांची नोटीस लागते, ती दिली होती. विशेष सभेला पाच, कमिटीच्या मीटिंगला तीन. कमिटीने महिन्यातून एकदा तरी बसावं असंही उपविधी सांगतो. दिवस मोजलेत, पण वेळ कोणती असावी यावर तो गप्प आहे. आणि ठराव तर वेळेवरच ठरतो.

आता दुसरी बाजू पण सांगतो, नाहीतर मला एकतर्फी म्हणाल. आमचे सेक्रेटरी काका रिटायर्ड आहेत. मोटार जळाली की रात्री अकराला तेच खाली उतरतात. पगार शून्य, शिव्या भरपूर. मागच्या वर्षी त्यांनी रविवारी संध्याकाळी मीटिंग ठेवली होती, तेव्हा क्रिकेटची मॅच होती आणि पाच जण आले. ते म्हणाले, ‘तुम्ही रविवारीही येत नाही, बुधवारीही येत नाही, मग मी माझ्या सोयीनं का ठेवू नये?’ याला माझ्याकडं खरंच उत्तर नव्हतं. मीही त्या रविवारी नव्हतो, बातमीला गेलो होतो.

तरीही माझं म्हणणं आहे की पैशाचा विषय असेल तर अर्ध्या तासाची पळवाट वापरू नये. उपविधीतच दुसरी सोय आहे, सभा सात ते तीस दिवसांच्या आतल्या दुसऱ्या तारखेला ढकलता येते. ती का वापरत नाहीत? आणि ते ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’! अजेंड्यावरची ही शेवटची ओळ म्हणजे मागचं दार आहे. काल घरात ठरलेला विषय आज तिथून आत येतो.

वर्षाच्या सुरुवातीलाच तारखा ठरवून टाकाव्यात. समजा महिन्याचा दुसरा रविवार, सकाळी दहा. पाण्याचा दिवस आला तर पुढचा रविवार. रमजानमध्ये संध्याकाळची वेळ नको, महालक्ष्म्यांच्या तीन दिवसांत तर मुळीच नको. कमिटीच काय, साधा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही हे ठरवू शकतो. फक्त ग्रुपवर टाकलं म्हणजे नोटीस दिली असं समजू नका, सत्तरीतल्या आजोबांकडं बटणाचा फोन आहे.

ऐकायचंच नाही असं ठरवलेली कमिटी असेल तर एक पंचमांश सभासदांनी सह्या करून लेखी मागणी द्यावी. महिन्याच्या आत विशेष सभा बोलवावी लागते. नाही बोलावली तर उपनिबंधक कार्यालयात जा. पण मागणी करणाऱ्यांनी त्या दिवशी स्वतः हजर राहा, कारण मागणीवरून बोलावलेल्या सभेला गणपूर्ती झाली नाही तर ती रद्दच होते. (तुमची बिल्डिंग सोसायटी नसून १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली असेल, तर तुमचे नियम डीड ऑफ डिक्लरेशनसोबतच्या उपविधीत बघा. आपल्या शहरात हा घोळ बऱ्याच ठिकाणी आहे.)

आमच्याकडे पाच सह्या लागतात. आज सकाळपर्यंत चार झाल्यात, काकूंची पहिली. सेक्रेटरी काकांना मी स्वतः जाऊन सांगून आलो, चहा पण दिला त्यांनी. तुमच्या सोसायटीची सभा किती वाजता असते आणि किती लोक येतात, खाली लिहा.